हजारात एक

म्हसवडचं यंत्र पाहायला शाळांच्या सहली येत, तेव्हा हर्षदा शेंडगे पहिलंच वाक्य असं टाकायची की बरोबर आलेले गुरुजीसुद्धा चपापायचे.

"हे एवढं मोठं यंत्र कशासाठी बांधलंय, माहितीये? टाकून देण्यासाठी!"

पोरं खिदळायची. मग ती त्यांना लिफ्टनं शंभर मीटर खाली नेऊन सहा मजली उंच, आडव्या पिंपासमोर उभं करायची. माण तालुक्याच्या काळ्या पाषाणाखालून ऐंशी किलोमीटरचं गोल भुयार गेलेलं. त्यातून प्रोटॉनांचे पुंजके समोरासमोर धावून येतात आणि जिथं आदळतात तिथं हे पिंप बसवलेलं. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण गावकऱ्यांनी पहिल्या दिवसापासून पिंप म्हटलं आणि शास्त्रज्ञांनीही ते मुकाट्यानं मान्य केलं.

"इथं सेकंदाला चार कोटी वेळा टक्कर होते," ती सांगायची. "टकरीतून तुकडे उडतात. पिंपाचे थर त्या तुकड्यांच्या रेघा टिपतात. सगळ्या टकरी जपून ठेवायच्या म्हटलं तर साठवायला जगातली यंत्रं पुरायची नाहीत. म्हणून प्रत्येक टकरीची माहिती आत फक्त बारा मायक्रोसेकंद थांबते. तुमची पापणी लवते ना, त्याच्या दहा हजाराव्या हिश्श्यात ठरवायचं, ठेवायची की टाकायची. चार हजारांतली एक ठेवतो. बाकीच्या गेल्या. त्या पुन्हा कुणाला मिळत नाहीत."

एखादी चुणचुणीत मुलगी विचारायचीच, "मॅडम, टाकलेल्यात काही चांगलं असलं तर?"

"नसतं," हर्षदा म्हणायची आणि पुढं चालायला लागायची.

हे निवडीचं काम करणाऱ्या यंत्रणेला सगळे चाळण म्हणत, आणि ही चाळण हर्षदाची होती. आधीच्या चाळणींना माणसं नियम घालून द्यायची. हर्षदाची चाळण स्वतः शिकायची. आदल्या महिन्यात जे ठेवलं गेलं ते पाहून पुढच्या महिन्यात काय ठेवायचं हे ती ठरवायची, आणि दर महिन्याला आणखी हुशार व्हायची. त्या कामानं हर्षदाचं नाव जगभर झालं. वरकुट्याच्या मेंढपाळाची पोर एकेचाळिसाव्या वर्षी म्हसवडची प्रमुख झाली ती त्याच जोरावर. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, तालुक्यानं मिरवणूक काढली, आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, मिरवणुकीतल्या बँडमुळं मेंढरं बिथरली म्हणून बँडवाल्याला चार शिव्या हासडल्या.

यंत्र अकरा वर्षं चाललं आणि २०५१च्या मार्चमध्ये बंद झालं. लोहचुंबकं थकली होती. आता ती एकेक करून वर काढायचं काम चालू होतं आणि त्याच जागी थोरलं यंत्र बांधायचा प्रस्ताव दिल्लीला गेला होता.

अशात पुढच्या जानेवारीतल्या एका सोमवारी बातमी आली.

बाल्टिक समुद्राकाठी एक जुनाट यंत्र होतं. तिथल्या टकरी म्हसवडइतक्याच जोराच्या, पण सेकंदाला जेमतेम चार हजार. त्यामुळं त्यांना चाळणीची गरजच नव्हती. गरिबाघरी उरलेली भाकरीही टाकत नाहीत, तशी ती मंडळी आलेली प्रत्येक टक्कर जपून ठेवत, आणि म्हसवडची तरुण पोरं त्यांना हसत. त्या जपून ठेवलेल्या ढिगात त्यांना तीन रेघा सापडल्या होत्या. प्रकाशाला पिंपाच्या मध्यापासून कडेला पोचायला तीस नॅनोसेकंद लागतात आणि टकरीतून उडालेले कणही साधारण तेवढ्याच वेळात पोचतात. या तिघांना साठ लागले होते. म्हणजे कण जड होता, फार जड, आणि रमतगमत आला होता. विश्वातलं जे सहापैकी पाच हिस्से वस्तुमान कुणाला दिसत नाही, त्याचा हा नातलग असावा असा त्यांचा कयास होता.

त्यांची प्रमुख इल्झे नावाची बाई. तिनं हर्षदाला दोनच ओळी लिहिल्या होत्या. "तुमच्या टकरी आमच्या दहा हजारपट. तुम्हाला किती दिसल्या?"

हिशेब पोरासोरांनाही जमण्यासारखा होता. तिथं तीन, तर इथं तीस हजार हव्यात. हर्षदानं इम्रान बागवानला बोलावलं. अकरा वर्षांची सगळी माहिती इम्रानच्या ताब्यात. मिरजेचा हा माणूस शब्द जपून वापरायचा आणि आकडे त्याहून जपून.

गुरुवारी सकाळी तो तिच्या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि बसला नाही.

"किती?" तिनं विचारलं.

"शून्य."

"म्हणजे थोड्या?"

"थोड्या नाही मॅडम. शून्य. बाहेर पोरं पेढे मागवतायत. म्हणतायत, बाल्टिकवाल्यांचं घड्याळ चुकलं असणार."

"मग तुझा चेहरा असा का?"

इम्राननं खुर्ची ओढली. "मॅडम, वैश्विक किरणांचं काय? ते तर आकाशातून येतात. शंभर मीटर खडक भेदूनही मिनिटाला कितीतरी पिंपातून जातात. त्यांना आपल्या टकरीच्या वेळेशी काय देणंघेणं? त्यांच्या रेघा उशिरानं पडलेल्या दिसायलाच हव्यात. लाखांनी. कचरा म्हणून का होईना, पण हव्यात. आपल्याकडं कचरासुद्धा नाही."

हर्षदानं इल्झेच्या त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

"शून्याचा अर्थ एकच," इम्रान म्हणाला. "दार बंद होतं. आपण बघितलंच नाही."

दार कुणी बंद केलं हे तिला त्याच क्षणी आठवलं होतं.

यंत्र सुरू होण्याआधीचा आठवडा म्हणजे मेनूचा आठवडा. कोणत्या प्रकारच्या टकरी ठेवायच्या त्यांची यादी म्हणजे मेनू. हॉटेलातल्यासारखाच, फक्त इथं खाणारे शंभर आणि ताटं दहा. प्रत्येक ओळीला एक धनी असायचा, त्याच्या नावाची आद्याक्षरं ओळीपुढं असायची आणि तो आपल्या ओळीसाठी भांडायचा. ओळीच्या शेवटच्या रकान्यात एक आकडा. तिथं एक लिहिलं की त्या जातीची प्रत्येक टक्कर ठेवायची. हजार लिहिलं की हजारात एक. शून्य लिहिलं की ओळ बंद.

यंत्र पहिल्यांदा सुरू झालं त्या वर्षी मेनूच्या बैठकीची अध्यक्ष हर्षदा होती. वय तिशीचं, अंगात रग. प्रत्येकाला पाच मिनिटं. पाच मिनिटं झाली की ती घंटा वाजवायची. घंटा मेंढीच्या गळ्यातली होती, पितळी. आबांनी कौतुकानं दिलेली.

मनोहर लाटकर सर उभे राहिले. कोल्हापुरात हर्षदाला पदार्थविज्ञान शिकवलं ते सरांनी. म्हसवडला आणलं तेही त्यांनीच. सर बोलायला लागले की समोरचा चहा निवायचा अशी त्यांची ख्याती. एक वाक्य झालं की ते थांबत, ते वाक्य खरं आहे का हे मनाशी तपासत, मग दुसरं बोलत. त्यांची ओळ उशिरा येणाऱ्या रेघांची होती.

"आपण असं धरून चाललोय," सर म्हणाले, आणि थांबले, "की जो येईल तो वेळेवर येईल. शाळेत हजेरी झाल्यावर आलेलं पोर पुढच्या तासाच्या हजेरीत उभं राहतं. तिथले मास्तर त्याला ओळखत नाहीत. ते म्हणतात, हा आमच्यातला नाही. जड कणाचं तसं होईल. तो कडेला पोचेपर्यंत पुढची टक्कर झालेली असेल. आपण त्याला..."

घंटा वाजली. लोक हसले. सरही हसले आणि खाली बसले. त्यांच्या सात पारदर्शिकांपैकी दोनच दाखवून झाल्या होत्या.

दुपारी चहाच्या टपरीवर ते आपणहून तिच्याजवळ आले. तिची स्वतःची ओळ अडली होती. चाळणीला शिकवायला जेवढ्या टकरी लागणार होत्या तेवढी जागा मेनूत उरली नव्हती.

"माझ्या ओळीची जागा तू घे," सर म्हणाले.

"सर, असं कसं?"

"तुझं काम आत्ता होण्यासारखं आहे. माझं कधी होईल, सांगता येत नाही." मग नेहमीसारखे थांबले. ती घड्याळ पाहत होती. हे तिला आजही आठवतं, ती घड्याळ पाहत होती. "फक्त हजारात एक ठेव. तेवढ्यानं कुणाचं काही अडणार नाही. दार किलकिलं राहील."

"हो सर. ठेवते."

गुरुवारी दुपारी हर्षदा आणि इम्राननं मिळून जुनी नोंदवही उघडली. मेनूत कुणी काय बदल केला, कधी केला, सगळं तिथं असतं. पुसता येत नाही. यंत्र सुरू झालं त्या दिवशी पहाटेपासून नुसता गोंधळ होता. उशिराच्या ओळीतून इतका कचरा यायला लागला की सगळंच तुंबलं. तेव्हा केलेली नोंद त्यांना सापडली. ओळ: उशिरा येणाऱ्या रेघा. धनी: म. ला. आकडा: हजारऐवजी शून्य. शेरा: "तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात परत १०००." बदल करणारी: ह. शें.

पुढचा आठवडा अकरा वर्षांत आला नव्हता.

बाकीचं चाळणीनं केलं. ती शिकायची ते ठेवलेल्यावरून. उशिराचं काही ठेवलंच नव्हतं, तेव्हा उशिराचं ते सगळं निरुपयोगी असा धडा ती पहिल्याच महिन्यात शिकली. पुढं तर जागा वाचवायला ती ठेवलेल्या टकरींमधलेही उशिराच्या रेघांचे ठिपके पुसून टाकायला लागली. त्या हुशारीबद्दल हर्षदाला एक पदकही मिळालं होतं. ते समोरच्याच कपाटात होतं.

"हजारात एक ठेवली असती तर किती आल्या असत्या?" तिनं विचारलं.

इम्राननं मनातल्या मनात हिशेब केला. सांगावं की नाही असा क्षणभर घोटाळला. "तीसेक. पहिल्या वर्षातच दोन-तीन."

म्हणजे सर सेवेत असतानाच. ते पहिलं वर्ष संपल्यावर पाच महिन्यांनी निवृत्त झाले होते.

"मॅडम," इम्रान खालच्या आवाजात म्हणाला, "दहा दिवसांनी दिल्लीची समिती बसतेय. थोरल्या यंत्राचा निर्णय. आपली दोनशे पोरं त्या मंजुरीवर डोळे लावून बसलीत. एक वाक्य आहे जे खोटं नाही. 'म्हसवडला अशी एकही रेघ आढळली नाही.' खोटं आहे का हे?"

"नाही."

"मग?"

"मग इल्झेच्या तीन रेघा मेल्या, इम्रान. दहा हजारपट टकरींत आम्हाला काही दिसलं नाही म्हटल्यावर त्यांचं कोण ऐकेल? सगळे म्हणतील, घड्याळ चुकलं. ते यंत्रही या वर्षी बंद होतंय. पुन्हा कुणी शोधणारसुद्धा नाही."

"ते मलाही कळतं. म्हणून तर दार लावून आलो. मी तुम्हाला सांगा म्हणत नाही, लपवा म्हणत नाही. पण नाव तुमचं आहे त्या नोंदीत. ठरवायचं तुम्ही."

संध्याकाळी ती वरकुट्याला गेली. आबा चौऱ्याहत्तरीचे. कळप आता चाळीस मेंढरांवर आला होता, पण शिस्त जुनीच. माळावर वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावलेलं होतं आणि आबा त्याच्या तोंडाशी उभे राहून एकेक मेंढरू आत घेत होते. ओठ हलत होते. मोजत असले की आबा देवाशीही बोलत नाहीत. ती दगडावर बसून राहिली.

"चाळीस," ते अखेर म्हणाले आणि जाळं ओढून घेतलं. "काय गं, आज मधीच? त्वांड का असं वाळलंय?"

तिनं सांगितलं. नॅनोसेकंद गाळून बाकी सगळं. आबांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"म्हंजी लांडग्यानं न्हेलं न्हाई," ते म्हणाले. "त्वा मोजलंच न्हाईस."

"हो."

"लांडग्यानं न्हेलं तर माणूस रडतंय, हुडकतंय, लोकास्नी सांगतंय. न मोजल्यालं गेलं तर त्येला रडायबी कोन न्हाई." त्यांनी चिमूट तोंडात टाकली. "माझी घंटा कुठं हाय? तुला दिली हुती ती."

"ऑफिसात. का?"

"ती पुढच्या मेंढीची न्हवती. एक लंगडी हुती आपल्याकडं, रोज मागं ऱ्हायाची. तिच्या गळ्यात बांधायचो. अंधारात आवाज ऐकू आला म्हंजी कळायचं, ती अजून येतीय, वाघूर लावू नगं." ते हसले. "तू तिचं काय केलंस?"

ते सांगण्याची हर्षदाची छाती झाली नाही.

शनिवारी ती सांगलीला गेली. सर विश्रामबागेत मुलीकडं, गौतमीकडं राहायचे. हर्षदा गेल्या सहा वर्षांत तिथं गेली नव्हती. दिवाळीला फोन करायची, तोही अलीकडं गौतमीच उचलायची. कंपवात झालाय एवढं ठाऊक होतं. कंपवात म्हणजे काय, हे तिनं दारात उभं राहिल्यावर पाहिलं.

खिडकीजवळच्या खुर्चीत सर बसले होते. हात मांडीवर थरथरत होते. चेहरा मात्र हलत नव्हता. हसू, आश्चर्य, काही उमटत नव्हतं त्यावर. डोळे तेवढे तेच.

"हर्षदाताई, बाबांना सगळं कळतं," गौतमी म्हणाली. "फक्त उत्तराला वेळ लागतो. पुष्कळदा लोकांना वाटतं, त्यांना बोलायचं नाहीये. मग लोक दुसरा विषय काढतात आणि उठून जातात. तेवढं करू नका."

हर्षदा समोर बसली आणि तिनं सांगितलं. तीन रेघा. शून्य. नोंदवही. तात्पुरतं. "सर, तुम्ही बरोबर होता. ते होतं. अकरा वर्षं आमच्या पिंपातून जात होतं आणि मी ते टाकत होते. तुम्हाला दिलेला शब्द मी विसरले."

सर काही बोलले नाहीत. भिंतीवरचं घड्याळ तिच्या समोरच होतं. तिनं खुर्ची फिरवून त्याच्याकडं पाठ केली आणि सरांच्या तोंडाकडं पाहत राहिली. खाली भाजीवाल्यानं आरोळी दिली आणि तो निघूनही गेला. गौतमी चहा ठेवून गेली. चहावर साय धरली.

"मला," सर म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "माहीत होतं."

"काय माहीत होतं सर?"

"शून्य. मेनू... दर सोमवारी लागायचा. मी वाचायचो. पहिल्याच... सोमवारी पाहिलं."

"मग मला विचारलं का नाहीत? एका शब्दानं विचारलं असतंत तरी..."

या वेळी तिला आणखी थांबावं लागलं. सरांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. तिनं तो सुचवला नाही.

"मला वाटलं," सर म्हणाले, "तू विचार करून... काढलीस. तुझी चाळण... माझ्यापेक्षा... पुढची. वाटलं, हर्षदानं तपासलं असेल. माझंच... चुकलं असेल." त्यांचा श्वास लागला. ते थांबले. "मग मीही... सोडून दिलं."

"सोडून दिलं म्हणजे?"

त्याचं उत्तर दारात उभ्या असलेल्या गौतमीनं दिलं. "निवृत्त झाल्यावर बाबांनी सगळ्या वह्या रद्दीत घातल्या. एकोणीस होत्या. मी म्हटलं, ठेवा की. म्हणाले, हुशार मुलीनं तपासून बाद केलंय ते, आता ठेवून काय करू? नंतर ते पेटी वाजवायला शिकले. दोन वर्षं वाजवली. मग हात गेले."

अकरा वर्षांच्या टकरी गेल्या याचं दुःख घेऊन हर्षदा आली होती. या एकोणीस वह्या तिच्या हिशेबातच नव्हत्या. सरांनी आपला आयुष्यभराचा विचार तिच्या निर्णयाला मान देऊन टाकून दिला, आणि तिकडं निर्णय असा नव्हताच. तिथं फक्त विसरणं होतं.

"सर, मी विचार केला नव्हता," ती म्हणाली. हे वाक्य उच्चारणं सगळ्यांत कठीण गेलं. "तपासलं वगैरे काही नव्हतं. मी नुसती विसरले होते."

सर तिच्याकडं पाहत राहिले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, असणारही नव्हतं. पण त्यांचे डोळे भरून आले.

मग तिनं पर्समधून कागद काढला. समितीसाठी आणि इल्झेसाठी लिहिलेलं निवेदन. वाचून दाखवलं. "म्हसवड येथे उशिरा येणाऱ्या रेघा तांत्रिक कारणामुळे नोंदल्या गेल्या नाहीत. त्यामुळे अशा रेघा नव्हत्या असा निष्कर्ष आमच्या माहितीवरून काढता येणार नाही."

सरांचं बोट कागदाकडं हललं. "कारण..." ते म्हणाले. "कोणी?"

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तिच्या प्रयोगवहीत ते हेच लिहायचे. तापमान मोजले गेले, असं लिहिलं की लाल शाईत, कोणी? तिनं "तांत्रिक कारणामुळे" खोडलं आणि लिहिलं, "मी, हर्षदा शेंडगे, ही ओळ तात्पुरती बंद केली आणि पुन्हा सुरू करायला विसरले. रेघा नव्हत्या म्हणून आम्हाला दिसल्या नाहीत, असे नाही. आम्ही पाहिलेच नाही."

सरांनी पेन मागितलं.

"कशाला सर?"

"ओळीचा... धनी मी. मी वाचलं. विचारलं... नाही. तेही लिही."

"नाही सर. तुमचा यात काही दोष नाही."

"लिही," सर म्हणाले. हा शब्द मात्र एकदम आला.

तिनं लिहिलं. त्याखाली सरांनी सही केली. अक्षर मुंगीएवढं झालं होतं आणि ओळ सोडून खाली उतरत होतं. किती वेळ लागला ते तिनं पाहिलं नाही.

पुढं व्हायचं तेच झालं. दिल्लीच्या समितीनं थोरल्या यंत्राचा विषय तीन वर्षं पुढं ढकलला. जे सुरू करायला विसरतात त्यांच्या हाती आणखी मोठं काय द्यायचं, असं एका सदस्यानं ऐकवलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. हर्षदानं प्रमुखपद सोडलं. पेढे मागवणारी पोरं तिच्याशी बोलेनाशी झाली. त्यांतली निम्मी पोटापाण्यासाठी दुसरीकडं गेली. इम्रान राहिला. इल्झेच्या तीन रेघा जिवंत राहिल्या, जगानं त्यांची दखल घेतली आणि आता तसल्या कणाच्या शोधासाठी तिसऱ्याच देशात नवं यंत्र बांधायचं चाललंय. त्याच्या चाळणीत उशिराच्या ओळीला शून्य लिहिताच येत नाही, अशी सोय केली आहे म्हणे. इल्झेनं पत्र पाठवलं. त्यात आभार होते, आणि लाटकरांच्या काही वह्या असतील तर पाहायला मिळतील का अशी विचारणा.

घंटा हर्षदानं आबांना परत दिली. त्यांनी ती काही न विचारता एका म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यात बांधली.

आणि दर रविवारी ती सांगलीला जायला लागली. गौतमीनं दोनशे पानी वही आणून ठेवली होती. सर सांगायचे, हर्षदा लिहायची. एकोणीस वह्यांतलं जेवढं आठवेल तेवढं. ती शब्द सुचवायची नाही, वाक्य पुरं करायची नाही. कधी एका ओळीला पाव तास लागायचा. सुरुवातीला बरंच आठवायचं. मे महिन्यापर्यंत बावीस पानं झाली.

जूनमधल्या एका रविवारी सव्वा तासात चार ओळी झाल्या. पाचवी सुरू झाली. "उशिरा आलेल्या कणाची टक्कर कोणती हे ओळखायचे असेल तर, त्याच्या मागच्या तीन टकरींपैकी जिच्यात..." एवढं सांगून सर थकले. गौतमी म्हणाली, आज पुरे, पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी हर्षदानं ती अर्धी ओळ वाचून दाखवली. सरांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितली. तिनं वाचली. ते खिडकीबाहेर पाहत बराच वेळ विचार करत राहिले आणि ती वाट पाहत राहिली. चहा आला, निवला, गौतमी कप घेऊन गेली.

"नाही," सर शेवटी म्हणाले. "गेलं."

अकरा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर त्यांनी ते पाच मिनिटांत सांगितलं असतं. हर्षदानं त्या ओळीपुढं थोडी जागा मोकळी सोडली आणि पुढच्या ओळीवर पेन टेकवून ती बसून राहिली.